केडगावची मुक्ती आणि अन्य भाषांचा वाद

पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा झालेल्या माणसाने अन्य भाषेत, म्हणजे प्रार्थनेत आपण कधी न शिकलेल्या भाषेत, बोललेच पाहिजे काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील प्रोटेस्टंट कुटुंबांत आज जितका तीव्र झाला आहे, तितका तो माझ्या आई-वडिलांच्या पिढीत नव्हता. त्या पिढीत मंडळी ठरलेल्या होत्या. ज्या मिशनच्या दवाखान्यात जन्म झाला, त्याच मिशनच्या मंदिरात लग्न लागत असे. आता एकाच घरातील आई रविवारी जुन्या मंडळीच्या उपासनेला जाते, मुलगा सभागृह भाड्याने घेऊन चालणाऱ्या पेंटेकॉस्टल, म्हणजे आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, फेलोशिपला जातो, आणि रात्री जेवताना ‘तुला आत्मा मिळाला आहे का’ असा प्रश्न मुलगा आईला विचारतो. ज्या बाईने चाळीस वर्षे संडेस्कूल चालवले, तिने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? दुसऱ्या बाजूला असे पाळकही मी पाहिले आहेत की, एखाद्या तरुण मुलीने प्रार्थनेत आपल्याला आलेला अनुभव भीत भीत सांगितला, तर तिचे म्हणणे पुरते ऐकण्याआधीच आत्म्याची ही सगळी दाने येशूच्या प्रेषितांबरोबर, म्हणजे पहिल्या पिढीबरोबर, संपली, असे सांगून ते तिला गप्प करतात. या दोन्ही वागण्यांनी माणसे दुखावली गेली आहेत, आणि त्यांतील काही माझ्या अगदी जवळची आहेत.

मला वाईट वाटते ते विशेषतः यासाठी की, हा वाद आपल्याकडे एखाद्या परदेशी प्रचारकाच्या व्हिडिओवरून सुरू होतो आणि दुसऱ्या परदेशी प्रचारकाच्या व्हिडिओने त्याला उत्तर दिले जाते. वास्तविक पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या प्रश्नाला आपल्याच माणसांनी तोंड दिले होते. रमाबाईंनी त्यावर विचार करून, शास्त्र तपासून, लेखी उत्तर दिले. ते उत्तर आजच्या दोन्ही पक्षांच्या उत्तरांपेक्षा मला अधिक खरे वाटते, आणि ते का वाटते हेच मला येथे मांडायचे आहे.

आधी नव्या करारात काय आहे ते पाहणे भाग आहे, कारण दोन्ही पक्ष तेथूनच निघतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात, पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, यरुशलेमेत जमलेले शिष्य निरनिराळ्या भाषांतून बोलू लागतात, आणि पार्थी, मेदी, एलामी अशा अनेक देशांतून आलेल्या यहुदी लोकांना आपापल्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्ये ऐकू येतात. येथे दुभाष्या लागत नाही. दहाव्या अध्यायात कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी आणि एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथे पुन्हा भाषांचा उल्लेख आहे. आठव्या अध्यायात मात्र शोमरोनातील लोकांना आत्मा मिळतो, शिमोन जादूगाराच्या डोळ्यांना दिसावे असे काही तरी तेथे घडते, पण भाषांविषयी या पुस्तकाचा लेखक लूक एक शब्दही लिहीत नाही. पन्नासाव्या दिवशी बाप्तिस्मा घेतलेल्या सुमारे तीन हजार लोकांपैकी कोणी अन्य भाषेत बोलले, असेही तो सांगत नाही. आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याचे पहिले दृश्य चिन्ह अन्य भाषा हेच होय, असे मानणारे तीन प्रसंगांवर भर देतात आणि उरलेल्या प्रसंगांतही तसेच घडले असणार, असे गृहीत धरतात. हे गृहीत अशक्य नाही. परंतु ज्यावरून दुसऱ्याच्या तारणाची किंवा आत्मिक पात्रतेची मोजणी करायची, त्याचा पाया गृहीतावर असावा, हे मला मान्य होत नाही.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील चित्र वेगळे आहे. करिंथच्या मंडळीत जी भाषा बोलली जात होती, ती ऐकणाऱ्याला समजत नव्हती. बोलणारा देवाशी बोलतो, माणसांशी नव्हे, असे पत्राचा लेखक प्रेषित पौल स्पष्ट म्हणतो. अर्थ सांगणारा असेल तर दोघांनी किंवा फार तर तिघांनी, तेही एकामागून एक, बोलावे आणि अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहून स्वतःशी व देवाशी बोलावे, असा त्याचा नियम आहे. सगळ्यांनी एकदम भाषा बोलायला सुरुवात केली आणि बाहेरचा माणूस आत आला, तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही काय, हा त्याचा प्रश्न आजही तितकाच बोचरा आहे. समजून बोललेले पाच शब्द अन्य भाषेतील दहा हजार शब्दांपेक्षा मंडळीत बरे, असे म्हणणारा हाच पौल आपण सर्वांपेक्षा अधिक भाषा बोलतो म्हणून देवाचे आभार मानतो आणि प्रकरणाच्या शेवटी भाषा बोलण्यास मनाई करू नका, अशी ताकीद देतो. बाराव्या अध्यायात ‘सगळेच भाषा बोलतात काय’ असे तो विचारतो, तेव्हा उत्तर ‘नाही’ हेच अपेक्षित आहे. एक पक्ष बारा ते चौदा या तीन अध्यायांतील दहा हजार शब्दांचे वाक्य वाचतो, दुसरा पक्ष मनाई करू नका हे वाक्य वाचतो. सगळे तीनही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचणारे मला फार थोडे भेटले.

आता केडगाव. 1896-97 च्या मध्य प्रांतातील दुष्काळानंतर आणि पुढे 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर रमाबाईंनी शेकडो मुली व विधवा तेथे आणल्या होत्या. त्या काळी मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या आसपास पोचली होती. रमाबाई स्वतः 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन बाप्तिस्मा घेतलेल्या, पण पुढे सुमारे आठ वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा निष्कर्षाला आलेल्या. तेव्हा बाप्तिस्मा घेतल्यानंतरही माणसाच्या आत आणखी काही घडावे लागते, ही गोष्ट त्यांना कोणत्या चळवळीने शिकवलेली नव्हती. ती त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातील होती. 1898 मध्ये इंग्लंडातील केझिक येथील अधिवेशनात त्यांनी भारतातील ख्रिस्ती लोकांवर आत्म्याची वृष्टी व्हावी यासाठी प्रार्थनेची मागणी केली. ऑस्ट्रेलियातील संजीवनाची, म्हणजे मंडळ्यांतील आत्मिक जागृतीची, वार्ता ऐकून त्यांनी आपली कन्या मनोरमा आणि सहकारी मिनी अब्राम्स यांना तिकडे पाठवले. 1904-05 मध्ये वेल्समध्ये आणि त्यापाठोपाठ खासी टेकड्यांतील वेल्श मिशनच्या मंडळ्यांत संजीवन आले, तेव्हा 1905 च्या आरंभी त्यांनी मुक्तीत प्रार्थनेचा एक खास गट सुरू केला. सुरुवातीला सत्तर जणी होत्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली.

29 जून 1905 च्या पहाटे एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याचा अनुभव आला. तिच्या सोबतिणीला ज्वाळा दिसल्या आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. प्रत्यक्षात मुलगी जळत नव्हती, हे नंतर तिच्या लक्षात आले. ही हकीकत मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायावर शिकवत असताना मुली रडू लागल्या, मोठ्याने पापे कबूल करू लागल्या, आणि रमाबाईंना आपले शिकवणे थांबवावे लागले. पुढील महिन्यांत मुक्तीतील मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगण्यासाठी जाऊ लागल्या. यात अजून अन्य भाषांचा भाग नव्हता. 1906 मध्ये तोही आला, आणि त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मुक्तीत अन्य भाषांत प्रार्थना करणाऱ्या मुली अनेक होत्या. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमूर यांच्या नेतृत्वाखाली एप्रिल 1906 मध्ये जी चळवळ सुरू झाली, तिलाच जगभर पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम मानले जाते. परंतु मुक्तीचे संजीवन त्याच्या जवळजवळ दहा महिने आधीचे आहे, आणि ते अमेरिकेतून आणलेले नव्हते, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे असे मला वाटते.

दौंड येथे मुलांचे अनाथालय चालवणारे अमेरिकन मिशनरी आल्बर्ट नॉर्टन यांनी आपण मुक्तीत जाऊन काय ऐकले ते लिहिले आहे. सुमारे वीस मुली प्रार्थना करत होत्या अशा खोलीत ते डोळे मिटून गुडघ्यांवर होते. जवळच कोणी तरी स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करत असल्याचे त्यांना ऐकू आले, आणि त्या खोलीत मिनी अब्राम्स यांच्याखेरीज इंग्रजी बोलू शकेल असे आपल्या माहितीचे कोणी नव्हते, म्हणून ते चकित झाले. या साक्षीचे काय करावे? नॉर्टन प्रामाणिक होते यात मला शंका नाही. मुक्तीत इंग्रजी बोलणाऱ्या मिशनरी बाया वावरत होत्या, त्यांच्या प्रार्थना मुलींच्या कानांवर रोज पडत होत्या, तेव्हा कानात साठलेले शब्द आवेगाच्या वेळी बाहेर पडले असतील, असे संशयी माणूस म्हणेल. ते शक्य आहे. परंतु पन्नासाव्या दिवशी जे घडले असे आम्ही दर वर्षी वाचतो, त्यावर आमचा विश्वास आहे असे म्हणायचे आणि केडगावात तसे काही घडूच शकत नव्हते असेही ठामपणे म्हणायचे, या दोन गोष्टी एकाच तोंडाने बोलणे मला जमत नाही. म्हणून मी ती साक्ष नॉर्टन यांची साक्ष म्हणून जपते. तिच्यावर सिद्धान्त उभारत नाही.

या घटनांवर टीका झाली, आणि ती बरीचशी मिशनरी वर्तुळातूनच झाली. एकाच वेळी शेकडो मुलींनी मोठ्याने प्रार्थना करणे, थरथरणे, रडणे हा उन्माद आहे, भारतीय मुली भावनाप्रधान असतात, असे म्हटले गेले. रमाबाईंनी सप्टेंबर 1907 च्या ‘मुक्ती प्रेयर बेल’ या आपल्या पत्रिकेत त्याला उत्तर दिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, अन्य भाषा हे आत्म्याच्या बाप्तिस्म्याच्या चिन्हांपैकी एक चिन्ह निश्चितच आहे आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. परंतु तेच एकमेव आणि अनिवार्य चिन्ह आहे, याला शास्त्रात पुरावा नाही. अनिवार्य चिन्ह एकच, ते म्हणजे प्रीती. आजार बरे करणे, भाषा बोलणे, संदेश देणे ही दाने म्हणून टाकून द्यायची नाहीत. भारतीय ख्रिस्ती लोकांनी आपल्या स्वभावाला अनुसरून देवाची भक्ती करावी, पाश्चात्त्य उपासनेची शांत शिस्त हीच एक पवित्र रीत नव्हे, असेही त्यांनी बजावले. मला या उत्तरात सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही की, आपल्याला स्वतःला ते दान मिळाल्याचा दावा त्यांनी केला नाही. जी बाई त्या संजीवनाची प्रमुख होती, जिच्या शब्दावर दोन हजार माणसे चालत होती, तिने आपल्या मुलींना मिळालेल्या दानाचा बचाव केला आणि ते आपल्याजवळ असल्याचे भासवले नाही. आज व्यासपीठावर उभ्या असलेल्या किती जणांना हे जमेल?

येथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. पौलाच्या ज्या चौदाव्या अध्यायात भाषांविषयीचे नियम आहेत, त्याच अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे असे वाक्य आहे, आणि भाषांच्या विरोधात तो अध्याय उघडणारे बहुतेक पुरुष ते वाक्यही त्याच श्वासात वाचतात. मुक्तीतील बहुसंख्य मुली बालविधवा, दुष्काळात आई-बाप गमावलेल्या, रस्त्यावरून उचलून आणलेल्या होत्या. त्यांचे म्हणणे त्या आधी कोणी कधी विचारलेले नव्हते. देवापुढे त्यांचा आवाज प्रथमच मोठा झाला, तर तो मराठी व्याकरणात बसतो की नाही हे तपासण्यापूर्वी त्या मोठ्याने बोलू लागल्या याची नोंद घ्यायला हवी होती. रमाबाईंनी ती घेतली.

अमेरिकेत याच सुमारास अन्य भाषांविषयी एक वेगळीच कल्पना फोफावली होती. कॅन्सस राज्यातील टोपेका येथे चार्ल्स पारहम यांच्या शाळेत 1 जानेवारी 1901 रोजी ॲग्नेस ओझमन या विद्यार्थिनीने अन्य भाषेत बोलण्यास सुरुवात केली, आणि ती चिनी बोलत होती असे तेथील लोकांनी मानले. आत्मा अशा रीतीने परक्या देशांच्या भाषा देईल आणि मिशनऱ्यांना भाषा शिकण्यात वर्षे घालवावी लागणार नाहीत, असा पारहम यांचा सिद्धान्त होता. अझुसा स्ट्रीटहून निघालेले आल्फ्रेड गार आणि त्यांच्या पत्नी लिलियन हे 1907 च्या सुरुवातीला कलकत्त्यात होते, ते अशाच समजुतीने. आपल्याला बंगाली मिळाली आहे असे गार यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्या भाषेत त्यांना लोकांशी बोलता आले नाही. गार यांनी हे लपवले नाही आणि भाषांचा अनुभवही नाकारला नाही. हे दान प्रचाराचे साधन नसून प्रार्थना व स्तुती यांसाठी आहे, या मताकडे ते वळले, आणि पुढे बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्याही त्याच मताला आल्या.

या प्रसंगाशेजारी मी नेहमी रमाबाईंचे बायबल ठेवते. ज्या मुक्तीत मुली न शिकलेल्या भाषेत प्रार्थना करत होत्या, त्याच मुक्तीत त्याच वर्षांत रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या, कोश व व्याकरणे घेऊन एकेक वचन तपासत होत्या, आणि खेड्यातील कमी शिकलेल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी झटत होत्या. हे काम त्यांनी सुमारे अठरा वर्षे केले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, त्याच्या थोडे आधी ते पुरे झाले होते. 1924 मध्ये ते प्रसिद्ध झाले, आणि त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. आत्मा भाषा देतो असा विश्वास आणि भाषा कष्टाने शिकण्याची तयारी या दोन्ही एकाच बाईच्या ठायी होत्या, आणि त्यांच्यात भांडण नव्हते.

दाने प्रेषितांबरोबर संपली असे म्हणणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. चौथ्या शतकात प्राचीन मंडळीचे प्रसिद्ध उपदेशक क्रिसोस्टोम यांनी करिंथकरांच्या पत्रावर प्रवचने देताना हा भाग फार दुर्बोध आहे, कारण तेव्हा घडणाऱ्या गोष्टी आता घडत नाहीत, असे म्हटले आहे. त्यांच्याच काळातील धर्मपंडित ऑगस्टीन यांच्या मते ते त्या काळापुरते चिन्ह होते. आता सर्व राष्ट्रांत पसरलेली मंडळीच सर्व भाषा बोलते. 1918 मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टनचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक बी. बी. वॉरफिल्ड यांनी या मताला सविस्तर रूप दिले: चमत्कारी दाने प्रेषितांची अधिकृतता सिद्ध करण्यासाठी होती, ते काम झाले. परंतु दुसऱ्या शतकात बिशप इरेनिअस आपण बंधूंना नाना भाषांतून बोलताना ऐकतो, असे लिहितात, आणि 1860 मध्ये तमिळ प्रदेशातील तिरुनेलवेली भागात जॉन ख्रिश्चन अरूलप्पन यांच्या आजूबाजूच्या मंडळ्यांत भाषा व अर्थ सांगणे या दोन्हींची नोंद आहे. हे अरूलप्पन ज्या ब्रदरन या प्रोटेस्टंट परंपरेशी जोडलेले होते, तीच परंपरा पुढे अन्य भाषांची कडवी विरोधक झाली. ‘पूर्ण ते येईल तेव्हा’ भाषा समाप्त होतील, या पौलाच्या वचनातील पूर्ण म्हणजे नवा करार, हा अर्थ तर मला ओढून ताणून केलेला वाटतो, कारण त्याच ठिकाणी पौल समोरासमोर पाहण्याविषयी बोलतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्विनसुद्धा तेथे शेवटच्या दिवसाचाच विचार करतो.

भाषाशास्त्रज्ञांनी काय सांगितले ते थोडक्यात सांगते. विल्यम सॅमरिन यांनी अनेक देशांतील नमुने तपासून 1972 मध्ये असे मांडले की, असे बोलणे ही कोणतीही मानवी भाषा नसून बोलणाऱ्याला आधीच परिचित असलेल्या ध्वनींची मांडणी असते. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अँड्र्यू न्यूबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच स्त्रियांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा अन्य भाषेत बोलताना मेंदूच्या पुढच्या भागातील हालचाल कमी झाल्याचे आढळले. याने श्रद्धा मोडते असे मला वाटत नाही, सिद्धही होत नाही. रडतानाही मेंदूत काही तरी घडतच असते.

महाराष्ट्रात या विषयाला एक खास अडचण आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे अंगात येणे सगळ्यांनी पाहिलेले असते. केस मोकळे सोडून घुमणारी बाई, तिच्या तोंडून बोलणारा देव, तिला प्रश्न विचारणारे शेजारी हे चित्र ज्या घरांनी ख्रिस्ती होताना मागे सोडले, त्या घरांतील वृद्ध माणसांना प्रार्थना सभेत थरथरणारी सून पाहून धस्स होते. त्यांची भीती अडाणीपणाची नाही. करिंथच्या मंडळीतील लोकही मूर्तिपूजेतूनच आले होते, आणि पौलाने भाषांचा विषय सुरू करताना पहिले वाक्य त्याच आठवणीचे लिहिले आहे. त्याचे उत्तर असे की, संदेश देणाऱ्यांचे आत्मे संदेश देणाऱ्यांच्या स्वाधीन असतात. आत्म्याने बोलणारा माणूस थांबू शकतो, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहू शकतो, अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहू शकतो. त्याचा ताबा सुटत नाही. ज्या सभेत कोणालाच थांबता येत नाही आणि थांबता न येणे हेच सामर्थ्याचे लक्षण मानले जाते, ती सभा पौलाच्या कसोटीला उतरत नाही, मग तेथे कितीही वेळा येशूचे नाव घेतले जावो.

अन्य भाषा हे अनिवार्य चिन्ह मानण्याविरुद्ध पेंटेकॉस्टल चळवळीच्या आतूनच आवाज उठले आहेत, हे आमच्या तरुणांना कोणी सांगत नाही. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संस्थेची स्थापना 1914 मध्ये झाली, 1916 मध्ये तिने हा सिद्धान्त आपल्या विश्वासाच्या निवेदनात घेतला, आणि 1918 मध्ये एफ. एफ. बॉस्वर्थ यांनी त्याच मुद्द्यावर तिचा निरोप घेतला. ते स्वतः अन्य भाषेत बोलणारे होते. वऱ्हाड व खानदेशात काम केलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्पसन यांनीही हे दान खरे मानले, पण ते सर्वांसाठी पुरावा म्हणून मानायला नकार दिला. आणि मुक्तीचा प्रभाव थेट दक्षिण अमेरिकेत पोचला: मिनी अब्राम्स यांची आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्यावरील पुस्तिका चिलीतील वालपराइसो येथे मेथडिस्ट मिशनरी विलिस हूवर यांच्या हाती पडली, कारण हूवर यांच्या पत्नी अब्राम्स यांच्या जुन्या सहाध्यायी होत्या. 1909 मध्ये तेथील मेथडिस्ट मंडळीत संजीवन आले आणि त्यातून चिलीची पेंटेकॉस्टल मंडळी उभी राहिली. त्या मंडळीने अन्य भाषा स्वीकारल्या, पण त्यांना एकमेव पुरावा मानले नाही. केडगावची समतोल भूमिका समुद्रापार टिकली. खुद्द पुणे जिल्ह्यात तिची आठवण पुसट झाली आहे.

कॅथलिक मंडळीत 1967 मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपासून कॅरिस्मॅटिक, म्हणजे आत्म्याच्या दानांवर भर देणारी, चळवळ सुरू झाली, आणि काही वर्षांतच ती मुंबईतही आली. तेथे हा प्रश्न आमच्याइतका फुटीचा झाला नाही, कारण मंडळीने भाषांच्या दानाला अन्य कृपादानांच्या रांगेत बसवले आणि ती सर्व दाने प्रीतीच्या सेवेसाठी व सर्वांच्या हितासाठी आहेत, असे आपल्या धर्मशिक्षणात लिहून ठेवले. याउलट अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मिशन मंडळाने 2005 मध्ये खाजगी प्रार्थनेतही अन्य भाषा वापरणाऱ्या उमेदवारांना मिशनरी म्हणून घेणे बंद केले आणि 2015 मध्ये तो नियम मागे घेतला. एखाद्याने आपल्या खोलीत दार लावून पित्याशी कसे बोलावे, यावर नियम करणे मंडळीला झेपत नाही, हे त्यांच्या अनुभवातून दिसते.

माझी स्वतःची स्थिती विचाराल, तर मला हे दान मिळालेले नाही, आणि मी त्याची मागणीही केलेली नाही. माझ्या एका जवळच्या मैत्रिणीला ते मिळालेले आहे. पतीच्या दीर्घ आजारात, मराठीत मागण्यासारखे काही उरले नाही अशा रात्री, ती तसे प्रार्थना करत बसे, असे तिने मला सांगितले, आणि तिच्या त्या बोलण्यावर मी कधी शंका घेतली नाही. तिने मला कधी कमी लेखले नाही. आम्ही दोघी उपवास प्रार्थनेला शेजारी बसतो.

ज्या एका गोष्टीला मी उघड विरोध करते, ती म्हणजे मुलांच्या शिबिरांतून चालणारा सराव. एक शब्द भराभर म्हणत राहा, जीभ सैल सोडा, लाजू नका, असे सांगून बारा-तेरा वर्षांच्या मुलांकडून अन्य भाषा काढून घेतल्या जातात, आणि ज्या मुलाला ते जमत नाही, ते रडत घरी येते किंवा मित्रांचे पाहून खोटे बोलायला शिकते. आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे एकेकाला दान वाटून देतो, असे शास्त्रात लिहिलेले असताना हे वाटप शिबिराच्या वेळापत्रकात बसवण्याचा अधिकार कोणाला नाही. ज्या पालकांची मुले या सुट्टीत अशा शिबिरांना जाणार आहेत, त्यांनी जाण्याआधी आयोजकांना स्पष्ट विचारावे की तेथे असा सराव घेतला जातो काय. आणि जुन्या मंडळींच्या पाळकांनी, शिबिराहून परतलेले मूल आपला अनुभव सांगू लागले, तर ते शेवटपर्यंत ऐकावे.